७७७७८ चा वर्ग आणि तीन उत्तरे

सी भाषेतला चार ओळींचा प्रोग्राम आहे. ७७७७८ ही संख्या घ्यायची, तिला तिनेच गुणायचे आणि आलेले उत्तर पडद्यावर छापायचे. सोलापूरच्या भवानी पेठेतली एखादी विद्यार्थिनी कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरवर हा प्रोग्राम चालवते, तेव्हा उत्तर येते −१४२६८. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरने चालवला, तर उत्तर येते १७५४४४९९८८. कागदावर गुणाकार केला, तर येतात ६०४९४१७२८४.

दोन्हीकडे गुणाकाराची ओळ तीच आहे, छापण्याची ओळही तीच. दोन्ही यंत्रे ठणठणीत आहेत. तरीही दोन्ही उत्तरे चूक, आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे चूक.

या कोड्याचे दोन भाग आहेत. संख्या मेमरीत पूर्ण मावली का, हा पहिला. मावलेली संख्या छापताना पूर्ण उमटली का, हा दुसरा. पहिला भाग वर्गात शिकवला जातो. दुसऱ्याकडे फारसे कुणी वळत नाही, आणि माझ्या मते मुले जास्त अडतात ती तिथेच. गणित अचूक झालेले असते, छापलेला आकडा तेवढा चुकतो, आणि मूल आपलेच गणित पुन्हा पुन्हा तपासत बसते.

कापरेकरांची संख्या कसोटीला

७७७७८ ही संख्या मी मुद्दाम निवडली आहे. तिच्या वर्गाचे, म्हणजे ६०४९४१७२८४ चे, मधोमध दोन तुकडे करा: ६०४९४ आणि १७२८४. त्यांची बेरीज पुन्हा ७७७७८ येते. ज्यांच्या वर्गाचे तुकडे असे पुन्हा मूळ संख्येत जुळतात, त्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिक्षक होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक बहुतेकांनी ऐकलेला असतो. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष या शाळामास्तरांकडे गेले. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना कापरेकर संख्या शोधायला सांगणे हा उत्तम सराव आहे, कारण उत्तर बरोबर की चूक हे संख्या स्वतःच सांगते. तुकड्यांची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी गडबड आहे.

किती बिटे, तेवढाच आवाका

संगणक संख्या ठेवतो ती बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या घरांत. १६ बिटांत ६५५३६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांना दिल्या की −३२७६८ ते ३२७६७ एवढा आवाका उरतो. टर्बो सीमधला ‘इंट’ म्हणजे पूर्णांक हा असा १६ बिटांचा असतो. उत्तर याबाहेर गेले की वरची बिटे गळून पडतात आणि ६५५३६ चे पूर्ण गट वजा करून जे उरेल ते हाती राहते. आपल्या उदाहरणात ७७७७८ हीच संख्या आधी मावत नाही, मग तिचा वर्ग कुठून मावणार?

आजच्या जीसीसीमध्ये इंट ३२ बिटांचा असतो. त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७. इथे ७७७७८ सहज मावते, पण तिचा वर्ग मावत नाही. ६०४९४१७२८४ मधून ४२९४९६७२९६ वजा केले की १७५४४४९९८८ उरतात. लॅपटॉपवरचे उत्तर हेच. हे उत्तर मला जास्त धोक्याचे वाटते. टर्बो सीच्या उत्तरात निदान ऋणचिन्ह होते. इथे दहा आकडी, धन, अगदी खरी वाटणारी संख्या समोर येते आणि शंकाही येत नाही. शिवाय आवाका ओलांडल्यावर असेच काही उरेल, अशी हमी सी भाषा देत नाही. व्यवहारात बहुधा असे घडते, इतकेच.

कापरेकर संख्या शोधणारा प्रोग्राम इंटवर विसंबून लिहिला, तर टर्बो सीमध्ये १, ९, ४५, ५५ आणि ९९ सापडतात, पण २९७ सापडत नाही, कारण १८१ च्या पुढचे वर्ग त्यात मावतच नाहीत. ३२ बिटांत ही हद्द ४६३४० पर्यंत जाते. ७७७७८ तिच्या पलीकडची.

असे वेगवेगळे आकार असावेतच का? डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रासाठी. पुढे ती नाना यंत्रांवर गेली. ज्या यंत्राला जो आकार सोयीचा, तोच त्याचा इंट, असे धोरण राहिले. १९८९ च्या प्रमाणकाने फक्त किमान मर्यादा घातली: इंट निदान १६ बिटांचा, ‘लाँग’ निदान ३२ बिटांचा. त्या काळाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता असे मला वाटते, कारण त्यामुळेच सी लहानमोठ्या सगळ्या यंत्रांवर वेगाने चालली. पण ‘किमान’ या शब्दाकडे आपल्याकडच्या शिकवणीत दुर्लक्ष झाले. टर्बो सी लॅबमध्ये वर्षानुवर्षे राहिले. नवे विंडोज १६ बिटांचे प्रोग्राम चालवेनासे झाले, तेव्हा जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवून ते चालवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोक्यात ‘इंट म्हणजे दोन बाइट’ (एक बाइट म्हणजे आठ बिटे) हे पाढ्यासारखे बसले. ते टर्बो सीपुरते खरे आहे, सी भाषेपुरते नाही.

हिशेबाची वही

हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. समजा, भवानी पेठेतल्या एखाद्या कारखानदाराच्या मुलाने वडिलांच्या टॉवेल-चादरींच्या धंद्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. रक्कम अपूर्णांकात ठेवली तर पैशांत घोळ होतो, म्हणून त्याने ती पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली. विचार अगदी योग्य आहे. पण ३२ बिटांच्या इंटमध्ये पैशांत मोजलेली रक्कम २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे इथे संपते. वर्षाची उलाढाल सव्वादोन कोटी झाली की वही उलटी बोलू लागते. टर्बो सीच्या इंटमध्ये तर ही मर्यादा ३२७ रुपये ६७ पैसे.

उपाय म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक. त्याची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे एकोणीस आकडी. १९९९ च्या प्रमाणकाने, ज्याला सी-९९ म्हणतात, ‘लाँग लाँग’ हा निदान ६४ बिटांचा प्रकार सीमध्ये अधिकृतपणे आणला. टर्बो सी त्याच्या आधीचे असल्याने त्यात तो नाही.

इथे एक खाच आहे. उत्तर ठेवायला लाँग लाँग घेतला, पण गुणायच्या दोन्ही संख्या इंटच ठेवल्या, तर गुणाकार इंटमध्येच होतो आणि मोडका आकडा मोठ्या जागेत जाऊन बसतो. कंपायलर गुणाकार करताना डावीकडे काय लिहिले आहे ते पाहत नाही. म्हणून दोहोंपैकी निदान एक संख्या गुणाकाराआधीच लाँग लाँग करून घ्यावी लागते.

एवढे केले की मेमरीत ६०४९४१७२८४ बिनचूक उभी राहते. आता ती छापायची.

प्रिंटएफला संख्या दिसत नाही

सीमध्ये छापण्याचे काम ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन करते. त्याला आधी एक साचा द्यायचा, मग संख्या. साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे अक्षरे येतात: इंटसाठी ‘%डी’, लाँगसाठी ‘%एल-डी’, लाँग लाँगसाठी ‘%एल-एल-डी’. (की-बोर्डवर ही अर्थातच इंग्रजी लहान अक्षरे. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

पुष्कळांचा समज असा की हा साचा म्हणजे आकडा कसा दिसावा याची सूचना. तो त्याहून फार महत्त्वाचा आहे. प्रिंटएफला किती संख्या दिल्या, कोणत्या आकाराच्या दिल्या, हे कळण्याचा साच्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

सोलापूरच्या टॉवेलांवरून हे चटकन लक्षात येईल. मागावरून टॉवेलचे कापड सलग ताग्याने उतरते, कापणी नंतर होते. कल्पना करा, ताग्यावर दोन टॉवेलांमध्ये काठ नाही, खूण नाही, आणि कापणाऱ्याच्या हातात फक्त एक चिठ्ठी आहे: पहिला तुकडा एवढ्या लांबीचा, दुसरा एवढ्या. तो चिठ्ठीप्रमाणे कात्री चालवतो. चिठ्ठीत आंघोळीच्या मोठ्या टॉवेलाच्या जागी हातरुमाल लिहिला गेला, तर मोठा टॉवेल मधोमध कापला जातो, त्याचा उरलेला अर्धा पुढचा नग म्हणून बांधला जातो आणि खरा पुढचा नग ताग्यातच राहतो.

३२ बिटांच्या यंत्रावर नेमके हेच घडते. वर्ग लाँग लाँगमध्ये आठ बाइट आणि त्याच्या मागोमाग मूळ संख्या इंटमध्ये चार बाइट, अशा दोन संख्या प्रिंटएफला दिल्या आणि साच्यात दोनदा ‘%डी’ लिहिले, तर पहिल्यांदा वर्गाची खालची चार बाइटे वाचली जातात: १७५४४४९९८८. दुसऱ्यांदा त्याच वर्गाची वरची चार बाइटे वाचली जातात: १. आणि ७७७७८ वाचली जातच नाही. मेमरीत मात्र सगळे ठीक असते. एका ४२९४९६७२९६ मध्ये १७५४४४९९८८ मिळवून पाहा, ६०४९४१७२८४ मिळतात.

६४ बिटांच्या यंत्रावर हीच चूक वेगळी दिसते. तिथे प्रत्येक संख्या स्वतंत्र जागेतून पाठवली जाते, म्हणून पहिला आकडा मोडका छापला जातो, पण दुसरा बरोबर येतो. ‘माझ्याकडे तर दुसरा आकडा नीट येतो’ असे म्हणणारा आणि ‘माझ्याकडे तिथे १ येतो’ असे म्हणणारा, दोघेही खरे बोलत असतात. सीच्या प्रमाणकात अशा न जुळणाऱ्या साच्याचा परिणाम ठरवूनच दिलेला नाही. काहीही होऊ शकते.

जीसीसीला महत्त्वाच्या ताकिदी दाखवायला सांगितल्या, म्हणजे ‘वॉल’ हा पर्याय दिला, की तो साचा आणि संख्या ताडून पाहतो आणि न जुळल्यास सांगतो. हा पर्याय पहिल्या दिवसापासून लावायची सवय मुलांना लावली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. टर्बो सी अशी ताकीद देत नाही.

तेच नाव, वेगळी लांबी

मग ‘%एल-डी’ लिहून टाकावे का? लिनक्स आणि मॅक यांच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत लाँग ६४ बिटांचा आहे, म्हणून तिथे ते चालते. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग मात्र ३२ बिटांचाच ठेवला आहे, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. लिनक्सवर छान चाललेला प्रोग्राम विंडोजवर नेला की वर्ग पुन्हा मोडतो.

विंडोजवरची गुंतागुंत इथेच संपत नाही, आणि तिने खूप जणांचा वेळ खाल्ला आहे. १९९८ च्या व्हिज्युअल सी++ ६ मध्ये लाँग लाँग नव्हता. मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांसाठी स्वतःचा प्रकार आणि स्वतःचा साचा दिला होता: ‘%आय-६४-डी’. पुढे कोडब्लॉक्स आणि डेव्ह-सी++ ही प्रोग्राम लिहिण्याची साधने आपल्याकडे पसरली. त्यांच्यासोबत येतो तो मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजवर चालणारा जीसीसी. कंपायलर जीसीसी, म्हणून त्याला लाँग लाँग उत्तम कळतो. पण छापण्याचे काम तो विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीकडे सोपवत असे, आणि तिला ‘%एल-एल-डी’ कळत नव्हते. गणित करणारा एक, छापणारा दुसरा, आणि दोघांची बोली वेगळी. जीसीसीच्या पुस्तकाप्रमाणे साचा लिहिणाऱ्याचाच आकडा अर्धा कापला जाई. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या संकेतस्थळावर तर बरीच वर्षे प्रश्नांखाली सूचना असे, की ६४ बिटांच्या संख्यांसाठी ‘%एल-एल-डी’ वापरू नका.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१५ पासूनच्या लायब्ररीला ‘%एल-एल-डी’ व्यवस्थित कळते आणि मिनजीडब्ल्यूच्या नव्या आवृत्त्यांतही सोय आहे. जुनी यंत्रे आणि जुने कंपायलर मात्र आपल्या लॅबमधून लवकर जात नाहीत.

आकार नावातच सांगणे

सी-९९ ने यावर जो तोडगा दिला, तो मला फार आवडतो. ‘स्टड-इंट’ या हेडर फाइलमध्ये ‘इंट-६४-टी’ असा प्रकार आहे. तो कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही कंपायलरमध्ये ६४ बिटांचाच. किमान वगैरे काही नाही. तिचीच जोडीदार ‘इंट-टाइप्स’ ही हेडर फाइल. तिच्यात या प्रकारासाठी छापण्याचा साचा एका ठरलेल्या नावाने दिला आहे: ‘पी-आर-आय-डी-६४’.

यामागची युक्ती साधी आहे. सीमध्ये अवतरणांतले दोन मजकूर शेजारी लिहिले, की कंपायलर त्यांना जोडून एक करतो. म्हणून प्रोग्राममध्ये अवतरणात टक्क्याचे चिन्ह लिहायचे, ते बंद करून पुढे ‘पी-आर-आय-डी-६४’ हे नाव लिहायचे, मग उरलेला मजकूर पुन्हा अवतरणात. कंपायल होताना त्या नावाच्या जागी त्या यंत्राला लागणारी अक्षरे येतात: ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘एल-डी’, मॅकवर ‘एल-एल-डी’, जुन्या मिनजीडब्ल्यूवर ‘आय-६४-डी’. प्रोग्राम तोच राहतो, चिठ्ठी मात्र ज्या त्या ठिकाणी बरोबर लिहिली जाते. दिसायला हे बोजड आहे, हे मान्य. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी-२३ प्रमाणकात साच्यातच बिटांची संख्या लिहिण्याची सोय आली आहे, पण ती सगळीकडे पोचायला वेळ लागेल.

चौकट: मोठी संख्या छापताना

इंट-६४-टी असेल, तर टक्क्यापुढे पी-आर-आय-डी-६४. ऋण नसलेल्या प्रकारासाठी डीच्या जागी यू.

नवा कंपायलर असेल, तर संख्येला छापतानाच लाँग लाँग करून %एल-एल-डी. मूळ प्रकाराची लांबी माहीत नसली तरी हे चालते. तारीख-वेळेच्या ‘टाइम-टी’साठी हाच मार्ग सोपा.

मेमरीतले आकार मोजणारा साइझ-टी असेल, तर %झेड-यू.

जुने व्हिज्युअल सी++ किंवा जुना मिनजीडब्ल्यू असेल, तर %आय-६४-डी.

टर्बो सी असेल, तर ३२ बिटांपर्यंत लाँग आणि %एल-डी. त्यापुढे स्वतःचे फंक्शन.

की-बोर्डवरून संख्या वाचताना स्कॅनएफसाठी वेगळे नाव: एस-सी-एन-डी-६४. छापण्याचे नाव तिथे वापरू नये.

साचाच नसेल तेव्हा

६४ बिटेही कधी अपुरी पडतात. २० चे क्रमगुणित, म्हणजे १ ते २० चा गुणाकार, ६४ बिटांत मावते, २१ चे मावत नाही. जीसीसी ६४ बिटांच्या यंत्रांवर १२८ बिटांचा पूर्णांक देतो, पण तो छापण्यासाठी प्रिंटएफमध्ये साचाच नाही. अशा वेळी छपाई आपल्या हाती घ्यावी लागते. संख्येला दहाने भागायचे, बाकी उरेल तो एकक स्थानचा अंक. भागाकाराला पुन्हा दहाने भागायचे, आणि शेवटी जमलेले अंक उलट क्रमाने लिहायचे.

यात ऋण संख्यांची एक अडचण आहे. बहुतेक जण संख्या ऋण असल्यास वजाचे चिन्ह छापून तिला धन करतात. पण ६४ बिटांतली सर्वांत लहान संख्या −९२२३३७२०३६८५४७७५८०८ आहे आणि धन बाजू एकने अलीकडे, ७ वर संपते. त्या एका संख्येला तिथे धन जोडीदारच नाही. म्हणून आधी ऋण-चिन्हरहित प्रकारात जाऊन मग वजाबाकी करावी लागते.

टर्बो सीमध्येही मोठी संख्या छापता येते, आणि मुलांनी एकदा तरी हे करून पाहावे. संख्या चार-चार अंकांच्या गटांत एका ॲरेमध्ये ठेवायची. ६०४९४१७२८४ चे गट होतील ६०, ४९४१ आणि ७२८४. दोन गटांचा गुणाकार दहा कोटींच्या आत राहतो, म्हणजे ३२ बिटांच्या लाँगमध्ये आरामात मावतो. गुणाकार शाळेतल्या पद्धतीनेच करायचा, फक्त हातचा दहाऐवजी दहा हजारांचा.

छापताना पहिला गट जसा आहे तसा आणि पुढचा प्रत्येक गट चार जागा भरून, मोकळ्या जागी शून्ये घालून छापायचा. त्यासाठी साचा ‘%०४-डी’. हे विसरले की काय होते, ते पाहायला आणखी एक कापरेकर संख्या आहे: ९९९९. तिचा वर्ग ९९९८०००१, गट ९९९८ आणि १. नुसत्या ‘%डी’ने तो ९९९८१ असा छापला जातो आणि तुकड्यांची बेरीज जुळत नाही. चार जागा भरल्या की ९९९८ आणि ०००१ मिळून ९९९९.